सांबरं न दिसण्याची कारणं

गिप्सलँडच्या डोंगरात सांबरं का दिसत नाहीत, याची मानेकाकांकडे हवी तेवढी कारणं होती. पौर्णिमा हे एक कारण होतं आणि अमावस्या हे दुसरं. दुष्काळ होता, रानकुत्री होती, पलीकडच्या दरीत चाललेली लाकूडतोड होती, त्यांच्या फॅक्टरीतल्या मॅनेजरचं आफ्टरशेव्ह होतं आणि माझ्या डोक्याचं खोबरेल तेलही होतं. सोमवारी डबा खाताना ही कारणं ते इतक्या आत्मविश्वासाने सांगत, की सांबर दिसलं असतं तर त्यांची थोडी गैरसोयच झाली असती. फक्त मानेकाका नावाचं कारण त्यात कधी आलं नाही.

मी त्यांच्या डँडेनॉन्गच्या घरात भाड्याने राहत होतो. ते दिवस विद्यार्थ्यांच्या लोंढ्याचे होते. पुण्यामुंबईच्या प्रत्येक गल्लीत एक एजंट बसला होता आणि ऑस्ट्रेलियाला इंजिनिअरपेक्षा आचारी जास्त हवेत, असं छातीठोकपणे सांगत होता. त्यामुळे मेकॅनिकलची डिग्री घेतलेला मी मेलबर्नला येऊन कांदा चिरायला शिकत होतो. शेजारच्या खोलीत एक एम.कॉम. झालेला नाशिककर होता, तो हेअरड्रेसिंग शिकत होता आणि सरावाला माझं डोकं मागत होता. मानेकाका आम्हा दोघांची ओळख पाहुण्यांना "आमचे आचारी आणि न्हावी" अशी करून देत आणि स्वतःच मोठ्याने हसत.

काका कोल्हापूरकडचे. नव्वदच्या दशकात स्किल्ड व्हिसावर आले आणि ट्रकचे ट्रेलर बनवणाऱ्या एका फॅक्टरीत मेंटेनन्स सुपरवायझर झाले. अंगाने भरलेले, मिशा वर वळवलेल्या, आणि आवाज असा की त्यांनी कानात काही सांगितलं तर ते फॉस्टर स्ट्रीटवरच्या साडीच्या दुकानात कळायचं. सुनीताकाकू सांगलीच्या. वृद्धाश्रमात नर्स होत्या. दिवसभर बहिऱ्या माणसांशी बोलायची सवय असूनही त्यांचा आवाज बारीकच राहिला, कारण घरात त्या खात्याची जागा भरलेली होती.

दिवाणखान्यात सोफ्याच्या वर भिंतीला एक पॉलिश केलेली लाकडी पाटी ठोकलेली होती. तिच्यावर एक छोटा दिवाही सोडलेला होता. पाटीवर काहीच नव्हतं. मी पहिल्या दिवशी विचारलं, तर काका म्हणाले, "शिंगांची जागा हाय ती." शिंगं कुठे आहेत, असं विचारल्यावर त्यांनी खिडकीतून पूर्वेकडे बोट दाखवलं. ती अजून एका जिवंत सांबराच्या डोक्यावर होती, एवढाच काय तो उशीर.

काकांचा आजा संस्थानच्या शिकारखान्यात होता. ही गोष्ट त्यांच्या घरी चहा प्यायलेल्या प्रत्येकाला माहीत होती, कारण ती ऐकल्याशिवाय चहा मिळत नसे. महाराज शिकारीला निघाले की आजा बरोबर. जनावर कुठून येणार, ते आज्याला आधी कळायचं. आज्याने इशारा केल्याशिवाय महाराजांची बंदूक उठायची नाही. एकदा नाशिककराने भाबडेपणाने विचारलं, की आजोबांकडेही बंदूक असायची का. काकांनी त्याच्याकडे नखशिखान्त पाहिलं आणि म्हणाले, "मग काय पंचा घेऊन जात व्हता शिकारीला?"

आपल्याकडे शिकारीला बंदी आली आणि हे घराणं बेकार झालं, असं काकांचं म्हणणं. मग ऑस्ट्रेलियात आल्यावर त्यांना कळलं की व्हिक्टोरियाच्या डोंगरात चक्क सांबरं आहेत, आणि लायसन असेल तर ती मारायला सरकारची ना नाही. दीडशेएक वर्षांपूर्वी गोऱ्यांनी शिकारीची हौस म्हणून आपल्याकडून जहाजात घालून ती आणली होती. काकांना हा दैवी संकेत वाटला. "आपलंच जनावर हाय," ते आम्हाला सांगत. "व्हिसा न्हाई, इंग्रजीची परीक्षा न्हाई, डायरेक्ट पीआर, कायमचा मुक्काम. तुमच्यापेक्षा हुशार निघाली."

खोटं कशाला बोला, काकांनी सगळं रीतसर केलं होतं. लायसन काढलं, परीक्षा दिल्या, गॅरेजमध्ये बंदुकीची लोखंडी तिजोरी भिंतीत बसवली. नेमबाजीच्या रेंजवर त्यांचा नेम उत्तम होता. पण कागद काही पळून जात नाही. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून एक ससा मेला होता, तोही गाडीखाली.

शिकारीची जागा होती लेनच्या शेतामागची दरी. लेन हा त्याच फॅक्टरीतला जुना वेल्डर. रिटायर होऊन गिप्सलँडमध्ये बापाच्या शेतावर जाऊन राहिला होता. दिवसाकाठी चार वाक्यं बोलायचा, त्यातली दोन कुत्र्याशी. डोंगरातली सांबरं रात्री उतरून त्याचं लसूणघासाचं शेत साफ करायची, त्यामुळे कुणीतरी ती मारावीत अशी त्याची फार इच्छा होती. फॅक्टरीच्या ओळखीवर त्याने काकांना दरीत यायची परवानगी दिली. परवानगी एका माणसाला होती. मराठी माणसाला एकट्याने कुठे जायचं कळत नाही, हे लेनला कोण सांगणार?

पहिल्या काही वेळी काका एकटे गेले असावेत, कारण तेव्हा त्यांना सांबरं दिसली होती. "कुत्र्यागत फिरत व्हती रं समोरून," असं ते म्हणत. मग ही बातमी इथल्या मराठी मंडळात पसरली. मग मंडळाचे अध्यक्ष एकदा आले, मग त्यांचा मेव्हणा आला, मग फॅक्टरीचा मॅनेजर आला. मग आम्हा विद्यार्थ्यांचा लोंढा सुरू झाला आणि दर शनिवारी चार-चार गाड्या लेनच्या फाटकातून आत जायला लागल्या.

आमची शिकार कशी चाले, ते सांगितलं पाहिजे. सांबर पहाटे चरतं आणि ऊन वर आलं की झाडीत जाऊन बसतं, हे काकांनीच आम्हाला शिकवलं होतं. पण पोहे झाल्याशिवाय घर सोडायचं नाही, हाही त्यांचा नियम होता. त्यामुळे आम्ही दरीत पोचायचो ते जेवायच्या वेळेला. गाड्यांची दारं धडाधड लागत. चिवडा, थर्मास, कॅरमबोर्ड, एकदा तर वड्यांसाठी कढई आणि गॅसची शेगडी. काका झाडाच्या पानांचं चित्र असलेले हिरवे कपडे घालून मधोमध उभे राहत आणि ओरडत, "आता कुणी आवाज करायचा न्हाई!" डोंगर तीनदा तेच ओरडायचा.

मग सगळे दरीत पांगत. कुणी ओढ्यात पाय बुडवी, कुणी काकांची हॅट घालून फोटो काढून घेई. वारा कुठला, सावली कुठली, जनावर कुठून येतं, कशाचा पत्ता नाही. दरीचा एक कोपरा असा राहिला नाही जिथे कुणाचं तरी पाऊल किंवा केळ्याची साल पडली नव्हती. कढईतून फोडणीचा वास उठला की वरच्या कड्यापर्यंत जायचा. दर शनिवारी सांबरं आणखी कमी दिसत आणि दर सोमवारी कारणं आणखी वाढत. हळूहळू दरीत ताजी लेंडीसुद्धा दिसेनाशी झाली. काकांनी त्या आठवड्यात हवामानबदलावर व्याख्यान दिलं.

काकूंचं एकच कारण होतं. त्या एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "हे सांबरासाठी जातच नाहीत रे. प्रेक्षकांसाठी जातात."

ते खरंच होतं. पण त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी कृतघ्न ठरेन. मी आलो तेव्हा पहिले काही दिवस खोलीचं दार लावून नुसता रडत होतो. बापाने जमीन विकून... असं माझं काही नव्हतं, खाऊनपिऊन सुखी घरचा होतो, तरी रडत होतो. काकांनी दार ठोठावलं नाही, उघडलंच. "रडतोयस व्हय रं इंजिनेर? ऊठ, शिकारीला चल," म्हणाले आणि दंडाला धरून गाडीत घातलं. त्या दरीत मी आठवड्यानंतर पहिल्यांदा पोटभर जेवलो. माझ्यासारखी किती पोरं त्यांनी एअरपोर्टवरून, स्टेशनवरून, कुणाकुणाच्या गॅरेजमधून उचलून तिथे नेली, ते त्यांनाही आठवत नसेल. "नको येऊस" हे दोन शब्द त्या माणसाच्या तोंडातून निघत नसत. त्यासाठी ते मला फार आवडत, आणि सांबरं नेमकी त्याचसाठी पळाली होती.

अशात काकांचे वडील येणार असं ठरलं. अण्णा. पंच्याहत्तरीचे, गुडघे गेलेले, जन्मात विमान न पाहिलेले. तीन महिन्यांचा व्हिसा, आणि पुन्हा येणं नाही हे सगळ्यांना माहीत. काका दर रविवारी फोनवर त्यांना सांगत आले होते, की अण्णा, हितं सांबरं दारात येत्यात. अण्णांनी इतक्या वर्षांत मुलाकडे कधी काही मागितलं नव्हतं. या वेळी ते म्हणाले, "बाकी काय दावू नगंस. एक शिंगवाला दाव. ल्हानपणी बघितल्याला, त्यानंतर न्हाई."

काका फोन ठेवून बराच वेळ त्या रिकाम्या पाटीकडे पाहत बसले. अण्णांना शिंगवाला दाखवायचा, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तो पाडायचा, म्हणजे आज्याच्या घराण्याचं नाव परत लागलं. एवढं एकच त्यांच्या मनाने घेतलं. पण दरीत दाखवायला शिंगवाला राहिला कुठे होता? तेव्हा त्यांना हाका आठवला.

हाका म्हणजे माणसांची रांग करून, डबे बडवत, आरडाओरडा करत रान उठवायचं आणि जनावर बंदुकीच्या तोंडाशी आणायचं. संस्थानात असंच चालायचं, काकांनी सांगितलं. टेबलावर त्यांनी डाळी मांडल्या. तूरडाळ म्हणजे आपण, हरभरे म्हणजे सांबरं, आणि एकटा वाटाणा म्हणजे ते स्वतः. तूरडाळ वरून खाली येणार, हरभरे वाटाण्यासमोर येणार. काकूंनी संध्याकाळी त्या सगळ्यांची मिळून आमटी केली.

मंडळाचं ढोलपथक गणपतीसाठी सरावाला जागा शोधत होतं, कारण डँडेनॉन्गच्या शेजाऱ्यांनी कौन्सिलकडे तक्रार केली होती. काकांनी एका दगडात दोन पक्षी मारायचे ठरवले. शनिवारी ढोल, ताशे, तेलाचे रिकामे डबे आणि तीसएक पोरं लेनच्या डोंगरावर चढली. मला ताशा दिला होता. काका खाली ओढ्याशी बंदूक घेऊन दबा धरून बसले आणि त्यांनी शिट्टी वाजवली.

असा आवाज त्या डोंगराने जन्मापासून ऐकला नसेल. पोरं महिनोन्महिने फॅक्टरीच्या शिफ्टा आणि एजंटांच्या थापा सोसून तुंबलेली होती, त्यांनी सगळं ढोलावर काढलं. पोपटांचे थवे उठले. एक वोम्बॅट बिळातून बाहेर येऊन आमच्याकडे पाहून परत आत गेला. सांबर एकही आलं नाही. आल्या त्या लेनच्या गाई. त्यांनी शेपट्या वर करून कुंपण तोडलं आणि त्या थेट डांबरी रस्त्यावर गेल्या.

गाई गोळा करायला दिवस मावळला. लेनने शेवटची गाय आत घालून कुंपणाची तार बांधली. मग त्याने काकांना बाजूला घेतलं आणि त्याच्या मानाने भाषणच केलं. मी जवळच उभा होतो. तो म्हणाला, सांबरं कुठे गेलेली नाहीत. ती वरच्या झाडीत आहेत, दिवसभर तुमची मजा बघतात आणि तुम्ही गेलात की रात्री उतरून माझं शेत खातात. रात्री कायद्याने गोळी झाडता येत नाही आणि दिवसा ती येत नाहीत, ही तुमची कमाई आहे. सांबराला एकदा माणसाचा वास आला तर ते विसरतं, दर शनिवारी आला तर ते शनिवार ओळखायला लागतं.

काकांनी रानकुत्र्यांचा विषय काढून पाहिला. लेनने तो ऐकलाच नाही. काकांनी मग खरं ते सांगितलं, की वडील यायचे आहेत, पुन्हा येणार नाहीत, त्यांना एक सांबर दाखवायचं आहे. लेनने वरच्या झाडीकडे पाहिलं. म्हणाला, मग आजपासून दरी बंद. कुणीही नाही, तूसुद्धा नाही. दरीची वरची बाजू तर कायमची सोडून द्यायची, तिथे पाऊल टाकायचं नाही; जनावराला पळून जायला एक जागा राहू द्यावी लागते, म्हणजे ते मुलूख सोडत नाही. वडील आले की एकदाच ये, पहाटे, वाऱ्याकडे तोंड करून, खालच्या वाटेने. आणि एक आवाज जरी आला, तरी परत या फाटकात यायचं नाही. "वन पीप, मेट," तो म्हणाला, "अँड यू आर डन."

यानंतरचे महिने म्हणजे काकांच्या आयुष्यातली साडेसाती. त्यांना माणसांना नाही म्हणावं लागलं. नाही म्हणता येत नसल्यामुळे त्यांनी थापा मारायला सुरुवात केली. अध्यक्षांना सांगितलं की सध्या सापांचा सीझन आहे. थंडी पडलेली होती. मॅनेजरला सांगितलं की लेनचा बैल पिसाळला. पोरांना सांगितलं की गाडीचा क्लच गेला, तेव्हा पोरांनी दुसरी गाडी आणली. कोणी थाप मानली नाही, आणि खरं कारण सांगितलं असतं तरी मानलं नसतं. सांबरांना जरा विश्रांती हवी आहे, हे कुठल्या मराठी माणसाला पटणार? अध्यक्ष सगळीकडे सांगत सुटले, की माने आता साहेब झाले, गोऱ्या मित्राने कान फुंकले.

गणपतीच्या कमिटीतून काकांचं नाव गेलं. नोबल पार्कला एकाने भिंतीएवढा टीव्ही घेतला होता, शनिवारची पोरं तिकडे जायला लागली. पोहे पाच माणसांचे झाले, मग चारांचे. नाशिककरसुद्धा एका गोऱ्या सलूनवाल्याकडे खोली घेऊन राहिला. शनिवारी सकाळी काका हिरवे कपडे घालून उगाच अंगणात फेऱ्या मारत आणि काकू गाडीची किल्ली आपल्या पर्समध्ये ठेवत. एकदा ते मला म्हणाले, "इंजिनेर, सांबराचं सोड, हितं माणूस दिसंना झालाय." त्या वेळी त्यांनी कुठलंही कारण सांगितलं नाही.

अण्णा आले. पांढरी टोपी, कोट, मफलर, हातात काठी. अतिशय कमी बोलणारा माणूस. टोस्ट त्यांना फार आवडला. ते दिवसभर खिडकीत बसून समोरच्या रस्त्यावर माणूस कधी येतो याची वाट पाहत. काका फॅक्टरीतून आले की अण्णांना बाजूला बसवून मला आज्याची गोष्ट परत सांगत, अण्णांना ऐकू जाईल अशी. महाराज, बंदूक, इशारा, सगळं. अण्णा टोस्ट चहात बुडवून खात राहत. एकदा त्यांनी मान वर करून मुलाकडे पाहिलं, काहीतरी बोलणार असं वाटलं, पण टोस्ट तुटून चहात पडला आणि ते तो काढायच्या नादी लागले.

लेनचा फोन आला. तीन माद्या आणि एक मोठा शिंगवाला, ओढ्यापलीकडच्या उतारावर, उजाडताना रोज. काकांनी फोन दोन्ही हातांनी धरला होता.

गाडी चालवायला मी गेलो. काकू नको म्हणाल्या, त्यांना कुणाला मरताना बघायचं नव्हतं, कामावर पुरेसं बघतात. फाटकाबाहेर गाडी ठेवली, दारं न आपटता लावली. अण्णांना आम्ही दोघांनी धरून खालच्या वाटेने नेलं आणि एका पडलेल्या झाडामागे घडीच्या खुर्चीवर बसवलं, अंगावर ब्लँकेट. वारा समोरून होता. काका अण्णांच्या शेजारी गुडघ्यावर बसले आणि गप्प झाले.

मानेकाका गप्प, हे दृश्य बघायला मी एकटाच होतो याचं मला आजही वाईट वाटतं. त्यांच्या मिशा थरथरत होत्या. अधूनमधून तोंड उघडे, पुन्हा मिटे. सांगण्यासारखं केवढं होतं आणि सांगायचं कुणाला, तर बापाला. त्यांनी फक्त अण्णांच्या गुडघ्यावरचं ब्लँकेट नीट केलं.

उजाडलं. उतारावरच्या झाडीतून आधी माद्या आल्या, एकेक, कान फिरवत. मग तो आला. मी सांबर पहिल्यांदाच बघत होतो, इतकं मोठं असतं याची मला कल्पना नव्हती. अंगावर दव होतं आणि नाकातून वाफ येत होती. तो ओढ्याकडे चार पावलं उतरला आणि आडवा उभा राहिला. काकांनी बंदूक उचलली. इतक्या जवळ रेंजवरचा कागदही नसायचा. त्यांनी दस्त्याला गाल टेकवला.

आणि अण्णा उठले. कुणाचा आधार न घेता उठले. काठी आडव्या झाडाच्या खोडावर हाणली, छाती भरून घेतली आणि ओरडले, "हुऽऽर्रर्र हो! हो! हो! आला रे आलाऽऽ!"

त्या वाळक्या देहात एवढा आवाज होता हे कुणाला माहीत होतं? माद्या एका उडीत गेल्या. शिंगवाल्याने एकदाच शिंगं वर करून आमच्याकडे पाहिलं आणि तो झाडी मोडत वर निघून गेला. बराच वेळ फांद्या मोडल्याचा आवाज येत राहिला. अण्णा हसत होते. त्यांचे डोळे भरलेले होते आणि दोन्ही हात अजून वरच होते.

"बघितलास?" ते काकांना म्हणाले. "दिसलं की वरडायचं. ल्हानपणी बा मला खांद्यावर बसवून न्यायचा हाक्याला. आमचं काम त्येवढंच. बंदूक सरकारांच्याकडं, डबं आमच्याकडं. संध्याकाळी मानशी पायलीभर जोंधळं मिळायचं."

काकांनी बंदुकीतली गोळी काढून खिशात टाकली. त्यांना हे आधीपासून माहीत होतं की नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. मग ते अगदी हळू म्हणाले, "अण्णा, परत एकदा वरडा की."

"जनावर गेल्यावर कशाला वरडायचं?" अण्णा म्हणाले आणि खुर्चीत बसले.

आम्ही फाटकाशी आलो तेव्हा लेन तिथे उभा होता. कुत्रं त्याच्या पायांत शिरून बसलं होतं. आवाज त्याच्या गोठ्यापर्यंत आला असणार, डोंगराने तो पोचता केलाच असणार. त्याने आधी अण्णांकडे पाहिलं, अण्णांनी त्याला वाकून नमस्कार केला. मग तो काकांना म्हणाला, "हू वॉज दॅट?"

मला वाटलं, आता कारण येणार. हे तर खरं कारण होतं, आयुष्यात पहिल्यांदाच हाताशी आलेलं. म्हाताऱ्या माणसाचं लेननेही मनावर घेतलं नसतं. मी सांगायला तोंड उघडलं तर काकांनी माझ्याकडे न बघताच माझा दंड घट्ट धरला.

"मी होतो, लेन," काका इंग्रजीत म्हणाले. "शिंगवाला दिसला आणि राहवलं नाही. चूक माझी."

लेनने मान हलवली. तुला नाहीच जमायचं, असं तो म्हणाला. चिडून नव्हे, थकून म्हणाला. ठरलं होतं ते ठरलं होतं, दरी तो आता दुसऱ्या कुणाला देणार होता. काकांनी हात पुढे केला, लेनने तो हातात घेतला आणि सोडला. आम्ही अण्णांना गाडीत पुढच्या सीटवर बसवलं आणि पट्टा लावून दिला. काका मागे बसले, बंदुकीची पेटी मांडीवर घेऊन.

"काय म्हंत व्हता रं त्यो गोरा?" अण्णांनी विचारलं.

काका पुढच्या सीटकडे वाकले. "म्हंत व्हता," ते म्हणाले, "असला आवाज त्यानं उभ्या जन्मात ऐकला न्हाई."

अण्णांनी टोपी काढली, केसांवरून हात फिरवला आणि परत घातली. "ह्यो काहीच न्हाई म्हणावं. माझ्या बाचा ऐकाय पायजे व्हता. सांग की त्याला."

काकांनी काच खाली केली. पण लेन तोवर फाटक लावून वळला होता.